चित्राच्या गुणदोषांची भाषा : मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच आणि मराठी वर्णविशेषणे

१. विषय व हेतू

मोठ्या पडद्याच्या नव्या दूरचित्रवाणी संचाचे चित्र चांगले आहे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचा आहे. पडद्यावरील बिंदूंची संख्या, प्रकाशाची तीव्रता, रंगांची व्याप्ती या सर्व गोष्टी मोजता येतात, आणि उत्पादक त्या मोजून खोक्यावर छापतातही. परंतु संच घरी आल्यानंतर जो निवाडा होतो तो मापनयंत्राने होत नाही, शब्दांनी होतो. ‘चेहरे फार लाल दिसतात’, ‘काळोखातले काही कळत नाही’, ‘जुन्या टीव्हीवर याहून बरे दिसत होते’ अशी वाक्ये एका बाजूस असतात. दुसऱ्या बाजूस रिमोटचे बटण दाबताच उमटणारी ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस, टिंट अशी शब्दांची यादी असते. या दोन शब्दसंग्रहांचा परस्परांशी संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी ठाणे, डोंबिवली व कल्याण या पट्ट्यातील मराठी घरांत सर्रास ऐकू येणारे बोलणे आधारास घेतले आहे.

हा विचार केवळ कुतूहलाचा नव्हे. ज्याला यादीतील इंग्रजी शब्द येतात त्याच्या हाती रिमोट जातो व त्याचे मत ग्राह्य ठरते. ज्याला ते येत नाहीत त्याची तक्रार वयाचा किंवा डोळ्यांचा दोष म्हणून बाजूस सारली जाते. अशी तक्रार पुष्कळदा शास्त्रदृष्ट्या अचूक असते, आणि तिच्यातील विशेषण कोणती कळ कोणत्या दिशेने फिरवावी हेही सांगत असते, असे येथे दाखवावयाचे आहे.

२. मुंग्यांचा काळ

दिल्लीस दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले. चित्र ६२५ रेषांचे होते, त्यांपैकी ५७६ रेषांत प्रत्यक्ष दृश्य असे, आणि अशी २५ चित्रे दर सेकंदास येत. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जात असल्याने मनोऱ्यापासूनचे अंतर, मधल्या इमारती आणि पारसिकसारखे डोंगर यांना महत्त्व होते. डोंगरावर वा इमारतीवर आपटून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीपेक्षा क्षणभर उशिरा पोचे आणि मूळ आकृतीच्या शेजारी तिचीच फिकी प्रत उमटे.

या काळातील चित्रपरीक्षा ही दोन माणसांची क्रिया होती. एकजण गच्चीवर अँटेना फिरवी, दुसरा खाली पडद्यासमोर उभा राहून ओरडून सांगे. त्या संवादात ‘मुंग्या’ हा शब्द रुजला. क्षीण लहरीत विद्युतीय गोंगाट मिसळला की पडद्यावर असंख्य पांढरे-काळे ठिपके वळवळत. इंग्रजीत त्यांना बर्फ म्हणतात. बर्फ न पाहिलेल्या मुलखाने मुंग्या म्हटले, आणि वळवळीचा अर्थ तीत अधिक आला.

या संवादाचे व्याकरणही लक्षात घेण्याजोगे आहे. ‘आले’, ‘गेले’, ‘हलते आहे’, ‘दोन दोन दिसतात’ ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत आणि त्यांचा कर्ता चित्र किंवा चित्रातील वस्तू हाच आहे. चित्र हे येणारे-जाणारे होते. त्याचा चांगलेपणा म्हणजे त्याचे सुखरूप पोचणे. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर केबलवरील प्रक्षेपण २०१२ पासून टप्प्याटप्प्याने अंकीय झाले, घरोघरी उपग्रहाच्या थाळ्याही लागल्या, आणि मुंग्या नाहीशा झाल्या. अंकीय चित्र एक तर पूर्ण येते, नाही तर चौकोनांत फुटून थांबते. पावसाळ्यातील मोठ्या सरीत थाळीचे चित्र जाते त्याचे कारण हेच. मधली अवस्था फार थोडी. त्यामुळे तक्रारीचा विषय बदलला. आता आपण चित्र ‘लावतो’, ‘सेट करतो’, ‘कमी-जास्त करतो’. क्रियापद सकर्मक झाले, कर्ता मनुष्य झाला, आणि जेथे कर्ता आला तेथे मतभेदही आला.

३. खोलीचे माप व पडद्याचे माप

प्रथम ‘जुन्या टीव्हीवर याहून बरे दिसत होते’ या वाक्याची परीक्षा करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीही ४३ व ५५ इंचांचे पडदे मध्यमवर्गीय घरांत रुळले होतेच. इंचांचा हा आकडा कर्णाचा असतो. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद व ६८ सेंटिमीटर उंच असतो. जुन्या २१ इंची काचनळीच्या संचाचा पडदा सुमारे ४३ व ३२ सेंटिमीटरांचा. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे सहापट झाले. खोली मात्र तेवढीच राहिली. दहा फूट रुंदीच्या दिवाणखान्यात एका भिंतीस संच व समोरच्या भिंतीस सोफा असला तर डोळ्यापासून पडद्याचे अंतर सुमारे आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर पडते.

निर्दोष दृष्टीचा मनुष्य एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन करणारे तपशील वेगळे ओळखू शकतो, असे सामान्यतः मानतात. त्यावरून हिशेब मांडता येतो. ५७६ रेषांचे जुने चित्र २१ इंची पडद्यावर दाखविले तर एका रेषेची जाडी सुमारे ०.५६ मिलिमीटर होते, आणि सव्वासहा फुटांपलीकडे त्या रेषा एकमेकींत मिसळून चित्र अखंड वाटते. तेच चित्र ५५ इंची पडद्यावर ताणले की रेषा सुमारे १.१९ मिलिमीटर जाड होते, आणि ते अखंड वाटावयास सुमारे साडेतेरा फूट दूर बसावे लागते. आठ फुटांवर बसणाऱ्यास ते ओबडधोबड दिसणारच. तेव्हा जुने मराठी चित्रपट किंवा दूरदर्शनच्या जुन्या मालिका पाहताना ‘जुन्या टीव्हीवर बरे दिसत होते’ असे कोणी म्हणाले तर ते गतकाळाचे कौतुक समजू नये. ते भूमितीचे विधान आहे.

‘सगळे जाडे दिसतात’ ही दुसरी तक्रारही अशीच. जुन्या चित्राची रुंदी व उंची यांचे प्रमाण ४ : ३ होते, नव्या पडद्याचे १६ : ९ आहे. दोन्ही कडांना काळे पट्टे राहू नयेत म्हणून चित्र आडवे ताणले तर प्रत्येक मनुष्य नेमका एक तृतीयांशाने रुंद होतो.

याच हिशेबाने नव्या चित्राविषयीही एक निष्कर्ष निघतो. १९२० × १०८० बिंदूंचे चित्र ५५ इंची पडद्यावर सुमारे सात फुटांपासून पुढे अखंड वाटते. ३८४० × २१६० बिंदूंचे, ज्यास बाजारात फोर-के म्हणतात, ते साडेतीन फुटांपासूनच. आठ फुटांवर बसणाऱ्यास या दोहोंतील बिंदूंचा फरक फारसा जाणवणे शक्य नाही. दुकानात दोन फुटांवर उभे राहून जो गुण पारखला जातो तो घरी बव्हंशी उपयोगात येत नाही. आपल्या घरांत चित्राचा निवाडा बिंदूंच्या संख्येवर न होता काळे-पांढरे, रंग आणि गती यांवर होतो. आणि नेमक्या याच ठिकाणी मराठी विशेषणे समृद्ध आहेत.

४. तीन काळे व तीन पांढरे

मराठीत वर्णवाचक विशेषणास दुसरे पद जोडून तीव्रता दाखविण्याची पद्धत आहे : काळाभोर, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, पांढराफटक, लालचुटूक, लालभडक, लालबुंद, हिरवागार, हिरवाकंच, पिवळाधमक, निळाशार. ही जोडपदे समानार्थी समजून ‘अतिशय काळा’, ‘अतिशय पांढरा’ असा एकच अर्थ देण्याची सवय आहे. ती बरोबर नाही. केस, डोळे, पावसाळी ढग हे काळेभोर असतात. काळोख, गुहा, तळघर ही काळीकुट्ट असतात. काळ्याभोर वस्तूत झाक व पोत दिसतात. केसांची बट बटेपासून निराळी कळते. काळ्याकुट्टात काहीच निराळे कळत नाही. तिसरा शब्द ‘काळपट’ : जे काळे असावयास हवे होते पण राखेच्या रंगाकडे झुकले आहे ते.

आता संचाकडे वळू. पडद्यावरील सर्वांत गडद भागाची पातळी फार खाली गेली की सावलीतील तपशील बुडतात. चित्र काळेकुट्ट होते. ती फार वर गेली की रात्रीचा देखावा धुरकट होतो. काळे काळपट होते. मधल्या योग्य स्थानी काळे काळेभोर असते. म्हणजे एकाच कळीच्या तीन स्थिती मराठी बोलणारा तीन शब्दांनी ओळखतो. पांढऱ्याचेही तसेच. पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या दिसत असतील तर तो पांढराशुभ्र. चुण्या नाहीशा होऊन नुसता उजेड उरला, किंवा चेहऱ्यावरील रक्त गेल्यासारखे झाले, तर पांढराफटक. उजेडच कमी पडला तर मळकट.

यादीतील इंग्रजी शब्द येथे उलट दिशाभूल करतात. परंपरेने ‘ब्राइटनेस’ नावाची कळ चित्राचा उजेड वाढवीत नाही. ती काळ्याची पातळी वरखाली करते. ‘कॉन्ट्रास्ट’ ही पांढऱ्याची पातळी ठरविते. प्रत्यक्ष उजेड ‘बॅकलाइट’ या तिसऱ्या कळीने वाढतो. काही नव्या संचांत मात्र त्याच उजेडास ‘ब्राइटनेस’ म्हटले आहे. ‘काळोखातले काही कळत नाही’ अशी तक्रार आल्यावर घरातील जाणकार बॅकलाइट वाढवितो, पांढरे पांढरेफटक होते आणि काळोख तसाच राहतो. तक्रार काळ्याकुट्टाची होती. उपाय पांढऱ्यावर झाला. यासाठी मराठी परिभाषा करावयाची झाल्यास ‘ब्राइटनेस’ला ‘तेजस्विता’ असा प्रतिशब्द देणे म्हणजे मूळची चूक संस्कृतात नेणे होय. ‘काळ्याची पातळी’, ‘पांढऱ्याची पातळी’ व ‘मागचा उजेड’ ही साधी नावे अधिक उपयोगी पडतील.

यंत्रभेदाचाही येथे संबंध येतो. एलसीडी पडद्यामागे दिवे असतात आणि प्रत्येक बिंदू त्यांचा उजेड अडवितो. अडविणे पूर्ण होत नाही, म्हणून दिवे मालवलेल्या खोलीत त्याचे काळे काळपट दिसते. ओएलईडी पडद्यावर प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो व पूर्ण विझूही शकतो. परंतु ट्यूबलाइट लावलेल्या किंवा खिडकी उघडी असलेल्या खोलीत पडद्यावर पडणारा उजेड दोघांचेही काळे थोडेबहुत उजळवितो. म्हणून संच पारखण्याची वेळ व दिवे हे आपण रोज पाहतो तेच ठेवावेत.

अस्पष्टतेच्या शब्दांतही असाच विवेक आहे. उजेड कमी असता चित्र ‘अंधुक’, काळे-पांढरे यांतील अंतर कमी असता ‘धूसर’, आणि कडा विरल्या असता ‘पुसट’ होते. तिन्हींस ‘क्लिअर नाही’ हे एकच वाक्य लावणाऱ्या तरुणापेक्षा ‘पुसट दिसते’ म्हणणारी आजी अधिक माहिती देते.

५. रंगाचा कल

‘-सर’ व ‘-ट’ या प्रत्ययांनी रंगाचा कल दाखविला जातो : निळसर, लालसर, पिवळसर, आणि किंचित नापसंतीने, पिवळट. दुकानातील संच बहुधा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ या स्थितीत ठेवलेला असतो. तेथे पांढरा रंग निळसर केलेला असतो, कारण निळसर पांढरे डोळ्यास अधिक उजळ वाटते. चित्रनिर्मितीत जो पांढरा प्रमाण मानतात तो सुमारे ६५०० केल्विनचा, दिवसाच्या उजेडासारखा असतो. ‘सिनेमा’ स्थितीत संच या प्रमाणाजवळ येतो. मात्र कालपर्यंत निळसर पांढऱ्याची सवय झालेल्या डोळ्यास तोच पिवळट वाटतो. डोळा प्रचलित पांढऱ्याशी जुळवून घेत असल्याने दोनचार दिवसांनी पिवळटपणा नाहीसा होतो. निवाडा त्यानंतर द्यावा.

खोलीतील दिव्याचाही परिणाम होतो. आपल्याकडील बहुतेक पांढऱ्या ट्यूबलाइट ६५०० केल्विनच्या आसपास असतात. त्यांच्या उजेडात प्रमाण पांढरा पांढराच वाटतो. पिवळ्या दिव्याखाली, जो सुमारे २७०० केल्विनचा असतो, तोच पडदा निळसर भासतो.

वयाचा मुद्दाही येथेच येतो. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळे होत जाते व निळा प्रकाश अडवू लागते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर काही दिवस सारे निळसर दिसते असे अनेकजण सांगतात, त्याचे कारण हे आहे. तेव्हा आजोबा व नातू यांचे रंगाविषयी एकमत न होणे स्वाभाविक आहे. दोघांचेही विधान खरे असू शकते. कोणा एकाच्या डोळ्यास प्रमाण मानून दुसऱ्यास चूक ठरविणे योग्य नव्हे.

रंगाच्या कसोटीसाठी मनुष्याच्या कांतीइतकी चांगली वस्तू नाही. मराठीत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी श्रेणी आहे. रंगाची कळ वाढविली की गव्हाळ चेहरा प्रथम तांबूस होतो व मग विटकरी. निमगोरा व गव्हाळ यांतील भेद पडद्यावर टिकत असेल तर रंग बरा लागला आहे असे समजावे. या शब्दांमागे सामाजिक उच्चनीचतेचा इतिहास आहे हे विसरता येत नाही. येथे ते केवळ भेद ओळखण्यासाठी घेतले आहेत.

६. गती आणि देवनागरी

चित्रपट सेकंदास २४ चित्रांनी घेतला जातो. पडदा सेकंदास ६० वेळा चित्र बदलत असेल तर ही दोन प्रमाणे सम भागात बसत नाहीत. एक चित्र तीनदा व दुसरे दोनदा दाखवावे लागते आणि संथ सरकणारा देखावा अडखळतो. हे टाळण्यासाठी संच स्वतःच मधली चित्रे कल्पून भरतो. मग गती गुळगुळीत होते, पण ‘सिनेमा मालिकेसारखा दिसतो’ अशी तक्रार येते. हीही सार्थ आहे : आपल्याकडील स्टुडिओतील मालिका व बातम्या सेकंदास ५० अर्धचित्रांनी नोंदल्या जात आल्या आहेत, आणि तेवढी दाट गती ही त्या प्रकाराची खूण म्हणून डोळ्यात बसली आहे. दिग्दर्शकाची मूळ गती राखणारी ‘फिल्ममेकर मोड’ ही स्थिती २०१९ साली पुढे आली ती याच कारणाने.

गतीची परीक्षा करण्यास मराठी वृत्तवाहिनीच्या तळाशी सरकणारी पट्टी पुरेशी आहे. देवनागरीत घ–ध आणि भ–म यांतील भेद डोक्यावरच्या रेषेतील एका लहानशा खंडावर व वळणावर अवलंबून असतो; अनुस्वार तर केवळ बिंदू. पट्टी सरकत असता हे भेद डोळ्यास कळत असतील तर संचाची गती चांगली आहे. अक्षरांमागे शेपूट राहत असेल तर नाही. शिरोरेषा ही आडवी व बारीक असल्याने ती आणखी एक काम करते : ‘शार्पनेस’ फार वाढविली असता तिच्या वरखाली दुसरी, पांढुरकी कोर उमटते. अशी कोर दिसू लागली की अक्षर रेखीव न होता नुसते ठळक झाले आहे असे समजून कळ मागे घ्यावी.

७. शब्दांचा पक्षपात

येथे एक आक्षेप संभवतो. शब्द इतके विश्वसनीय असतील तर दुकानात भडक चित्रच का पसंत पडते? या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचे उत्तर शब्दांच्या स्वभावातच शोधावे लागते. बर्लिन व के यांनी १९६९ साली मूलभूत वर्णवाचक शब्दांचा जो सिद्धांत मांडला त्यात ठरावीक वस्तूंपुरते मर्यादित असलेले शब्द वगळले होते, आणि वस्तूच्या नावावरून आलेले शब्द संशयास्पद मानले होते. त्या गणनेत काळाभोर, गव्हाळ, डाळिंबी, मोरपंखी, अंजिरी यांना स्थान नाही. परंतु चित्राची पारख करताना नेमके हेच शब्द कामास येतात, कारण चित्र नुसता रंग दाखवीत नाही. अमुक वस्तूचा रंग दाखविते. वस्तूशी बांधलेला शब्द वस्तूच्या आठवणीशीही बांधलेला असतो.

आणि आठवण ही निःपक्षपाती नसते. बार्टलसन यांनी १९६० साली परिचित वस्तूंच्या स्मृतिवर्णांचा अभ्यास केला, तेव्हा आठवणीतील रंग प्रत्यक्षाहून सामान्यतः अधिक गडद निघाले. ‘हिरवेगार रान’ या शब्दांनी जागे होणारे रान येऊरच्या डोंगरावर श्रावणात दिसणाऱ्या रानाहून थोडे अधिक हिरवे असते. विक्रेत्याची ‘व्हिव्हिड’ स्थिती या फरकाचाच लाभ घेते : ती वस्तू दाखवीत नाही, वस्तूची आठवण दाखविते.

म्हणून ‘चांगले चित्र’ या शब्दप्रयोगातील दोन अर्थ वेगळे करणे आवश्यक आहे. एक अर्थ यथार्थ, म्हणजे वस्तूप्रमाणे व कर्त्याच्या हेतूप्रमाणे. दुसरा रमणीय, म्हणजे पाहणाऱ्याच्या आठवणीप्रमाणे. दोन्ही अर्थ वैध आहेत, परंतु वाद करणारे बहुधा एकेक अर्थ धरून बसलेले असतात. जोडपदांचा उपयोग असा की ती केवळ ‘अधिक’ किंवा ‘कमी’ न सांगता मर्यादा कोठे ओलांडली तेही सांगतात. लालचुटूक म्हणणाऱ्यास रंग आवडलेला असतो. लालभडक म्हणणाऱ्यास तो डोळ्यावर येतो. या दोन शब्दांच्या मध्ये कोठेतरी त्या घरापुरती योग्य जागा असते. आठवणीवर अंकुश म्हणून प्रत्यक्ष वस्तूची जोड द्यावी : पडद्यावर चेहरा असता आपला हात शेजारी धरून पाहणे, हे कोणासही करता येण्याजोगे परीक्षण आहे. त्यासाठी त्या वेळचा दिवा पांढरा असावा, एवढेच पथ्य.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : आठ-दहा फुटांच्या खोलीत बिंदूंच्या संख्येहून काळ्या-पांढऱ्याची पातळी, रंगाचा कल व गती यांचे महत्त्व अधिक आहे. दुसरी : या तिन्हींसाठी मराठीत सूक्ष्म व परस्परांपासून वेगळे शब्द प्रचारात आहेत, आणि यंत्रावरील नावांपेक्षा ते पुष्कळदा अधिक अन्वर्थक आहेत. तिसरी : हे शब्द पूर्ण निःपक्षपाती नाहीत; ते आठवणीकडे झुकतात, आणि तो झोक ओळखूनच त्यांचा उपयोग केला पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे एक सोपा व उपयुक्त अभ्यासविषय आहे. एकाच कुटुंबातील तीन पिढ्यांस एकच चित्र निरनिराळ्या स्थितींत दाखवून कोण कोणते विशेषण वापरतो हे टिपावे. वरील अर्थभेद तेथे टिकतात की नाही हे पाहावे. ‘मुंग्या’ हा शब्द आज तिशीखालील वक्त्यांत किती उरला आहे, हेही त्याबरोबर कळेल. दरम्यान, घरात कोणी ‘काळपट दिसते’ असे म्हणाले तर रिमोट हाती असलेल्याने त्यास चष्मा पुसावयास सांगण्यापूर्वी काळ्याची पातळी एकदा तपासून पाहावी.